रावसाहेबांविरुद्धचा ठराव

४ फेब्रुवारी

नव्या घरात येऊन आठवडाही झाला नाही आणि आज सकाळी दार उघडताच पायरीवरच थबकले. मोठ्या काचेखाली, मी स्वतःच्या हाताने लावलेल्या तुतीपाशी, एक बुलबुल मरून पडला होता. डोळे उघडे होते. 

हे घर मी माणसांइतकंच पाखरांसाठी बांधलं आहे. भिंतींच्या विटा याच जागेतल्या मातीच्या, दाबून उन्हात वाळवलेल्या. दारं पाडलेल्या शाळेची. कौलं तिसऱ्याच कुणाच्या घराची. न्हाणीघरातलं पाणी खडीतून आणि कर्दळीच्या मुळांतून गाळून बागेला जातं. पुढे हिरवळीचा एक चौरस फूट नाही. सगळी आपल्या मातीतली झुडपं, तुतीची रांग आणि पाखरांना प्यायला पाण्याचं मोठं परळ. आणि या सगळ्याचा मुकुट म्हणजे ती काच. जुन्या कार्यालयाची इमारत पाडली तेव्हा भंगारवाल्याकडून आणली. भिंतभर मोठी, बाहेरून आरसा, आतून खिडकी. ऊन तिला धडकून मागे फिरतं, खोली थंड राहते, पंखासुद्धा लागत नाही. लोकांनी भंगार म्हणून टाकलेली वस्तू माझ्या घराची शान झाली, हे मी प्रत्येक भाषणात सांगते आणि प्रत्येक वेळी टाळ्या घेते.

नवरा दंतवैद्य आहे, त्यामुळे कशाचंही तोंड उघडून बघायची त्याला सवय. त्याने बुलबुल तळहातावर घेऊन न्याहाळला. म्हणाला, "मानेला, पोटाला कुठेच जखम नाही. चोचीशी थोडं रक्त आहे फक्त."

"भीतीने मेला असेल," मी म्हणाले. "पाखरांचं काळीज नाजूक असतं."

बुलबुल तुतीच्या मुळाशी पुरला. काचेवर पांढुरका, पंख्यासारखा पसरलेला डाग होता, तो पुसून काढला. शेजारचे काका दिवसभर नळी घेऊन हिरवळ भिजवतात, त्यांच्या खारट पाण्याचे तुषार इथवर येतात.

६ फेब्रुवारी

आज काका कुंपणाशी आले. यांना मी मनात हिरवळवाले काका म्हणते. न्यायालयात लघुलेखक होते. सगळं आयुष्य लोकांचं बोलणं उतरवून घेण्यात गेलं. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता काका, ती हिरवळ आणि रावसाहेब नावाचा एक लठ्ठ पिवळा बोका.

"ताई," ते म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं. ती तुमची काच..."

काचेबद्दल सगळेच विचारतात. मी त्यांना सांगितलं की एक काच नव्याने ओतायला किती भट्टी पेटते, आणि जुनी वापरली की तेवढा धूर कसा वाचतो. मग म्हटलं, विषय निघालाच आहे तर तुमच्या हिरवळीबद्दलही बोलू. हिरवळ म्हणजे नुसता पाणी पिणारा गालिचा. त्यावर फुलपाखरू बसत नाही, त्याखाली गांडूळ राहत नाही. मी बोलत होते आणि त्यांच्या हातातल्या नळीचं पाणी त्यांच्याच चपलांवर पडत होतं.

"बरं, बरं," ते म्हणाले आणि गेले.

माणूस सभ्य आहे. ऐकून घेतो.

११ फेब्रुवारी

खुनी सापडला.

पहाटे चहाचा कप घेऊन खिडकीशी आले तर काचेखाली रावसाहेब बसलेले. समोर खंड्या. त्याचा निळा रंग मातीत माखला होता आणि बोका शेपटी गुंडाळून असा बसला होता, जणू पाहुणा जेवणाच्या पाटावर. मी ओरडले तशी तो ढिम्म उठला आणि कुंपणाखालून सरकत गेला.

 या पाखरांना मीच बोलावलं. तुती लावली, पाणी ठेवलं, या म्हटलं. आणि त्यांच्यासाठी पानाआड हा दबा धरून बसलेला.

नवऱ्याला दाखवलं. त्याने पुन्हा तेच केलं, पाखरू उलटंसुलटं करून पाहिलं. "अगं, याला कुणी चावलेलं नाही. आणि रावसाहेबाला वरचे सुळेच नाहीत. मागे काका घेऊन आले होते दवाखान्यात. हसून त्यांना म्हटलं, कवळी बसवू का."

"शिकाऱ्याला दात नसले तरी पंजे असतात," मी म्हणाले.

"असतात," तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं. याच्या या स्वभावाचा मला भारी राग येतो. अन्याय समोर दिसत असताना हा पान उलटतो.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस मनासारखा गेला. वसाहतीच्या शेवटच्या ओळीत रिकाम्या जागा आहेत. तिथे घरं बांधणारी मंडळी आमचं घर पाहायला आली. वसाहतीचे अध्यक्षही आले, त्यांचंही नवं घर तिथेच पुरं होत आलंय. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, त्यामुळे समोरच्या माणसाच्या चेहऱ्यापेक्षा नाकावर आधी नजर जाते.

मी पडवीत उभी राहून बोलले. "आपण घर बांधतो म्हणजे कुणाचं तरी घर मोडतो," असं मी म्हणाले. "किडामुंगीचं, पाखराचं, गवताचं. मोडलं तितकं परत द्या, एवढंच माझं म्हणणं. त्याला श्रीमंती लागत नाही. लाज लागते."

टाळ्या पडल्या. मध्येच भिंतीकडून धप्प आवाज आला. एक बाई दचकल्या. मी हसून म्हणाले, "घाबरू नका, नवं घर आहे, बसतंय. जुनी दारं नव्या चौकटीत आली की काही दिवस कुरकुरतात, बदली होऊन आलेल्या कारकुनासारखी." सगळे खळखळून हसले. हे वाक्य तिथल्या तिथे सुचलं. पुढच्या भाषणात वापरायला हवं.

काच तर सगळ्यांना फारच आवडली. त्यात आख्खी बाग उमटते, आभाळसुद्धा. दोघातिघांनी भंगारवाल्याचा पत्ता घेतला. त्याच्याकडे त्याच इमारतीतल्या काचा अजून शिल्लक आहेत.

हिरवळवाले काका मागे उभे होते. पांगापांग झाल्यावर पुढे आले. "ताई, आत्ता तो आवाज झाला ना, तो..."

"काका, तुमचा बोका कुठे आहे आत्ता?" मी विचारलं.

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते आपल्या घराकडे वळले. ते जाताच झुडपात चिमणी मिळाली, अजून उबदार. म्हणजे भाषण चालू असताना, माझ्या पाठीमागे.  इतका निर्ढावलेला प्राणी मी पाहिला नव्हता.

२६ फेब्रुवारी

काकांशी स्पष्ट बोलले. कुंपणापलीकडून, पण शांतपणे.

"बोका घरात ठेवा."

"तो घरातच असतो. सकाळी तेवढा एक फेरा मारतो."

"माझ्या बागेत."

"त्याला काय कळतं बाग कुणाची. त्याला आयतं मिळतं म्हणून येतो, ताई. आयतं. मी काय म्हणतो, ते आयतं कुठून येतं हे..."

"आयतं? मारून खातो त्याला तुम्ही आयतं म्हणता?"

"खातही नाही हो. हुंगतो आणि बसतो. खायला चावता यायला हवं ना."

"म्हणजे निव्वळ मौजेसाठी मारतो. हे तर अधिकच वाईट."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मी तीस वर्षं वकिलांमध्ये काढली," म्हणाले, "पण तुमच्यासारखं कुणी भेटलं नाही."

मी ते कौतुक समजावं की काय, ठरवू शकले नाही. बोका मात्र त्या वेळी त्यांच्या पायाशी आडवा पडून माझ्याकडे बघत होता. काकू आजारी असताना हा त्यांच्या पायथ्याशी झोपायचा असं कुणीतरी सांगितलं होतं. क्षणभर मन द्रवलं. मग खंड्या आठवला.

५ मार्च

वसाहतीची बैठक. विषय माझाच होता. मोकाट मांजरं आणि पक्ष्यांची हत्या.

मी फार चांगली बोलले, हे मला खोट्या विनयाशिवाय लिहू दे. टिपण नेलं नव्हतं. परवा आणखी एक बुलबुल गेला होता, त्याला पुरलेली माती अजून नखांत होती. तीच बोटं मी सभेला दाखवली. म्हणाले, "ही माती धुतलेली नाही. धुणारही नाही. एका बाजूला आपण पाखरांना घर देतो म्हणतो आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या मारेकऱ्याला दूध पाजतो. दोन्ही एकाच कुंपणात चालणार नाही." मागच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले.

मग काका उठले. बोलायची सवय नसलेल्या माणसासारखे, खुर्चीची पाठ घट्ट धरून. "मला दोनच वाक्यं बोलायची आहेत. पहिलं असं, की काच..."

"काचेमागे लपू नका, काका," मी म्हणाले.

सगळी सभा हसली. काकांनी खुर्चीची पाठ सोडली. मग बसले. दुसरं वाक्य त्यांनी म्हटलंच नाही.

ठराव झाला. आठवड्याच्या आत रावसाहेबांना वसाहतीबाहेर पाठवायचं. बहुतेक सगळे हात वर होते. माझ्या नवऱ्याचा हात खाली होता. घरी येताना मी विचारलं, "हे काय?"

"हात दुखत होता," म्हणाला.

कुणीतरी माझं भाषण फोनवर टिपलं आहे आणि ते सगळीकडे फिरतंय. जिंकल्यावर वाटतं तसं अजून काही वाटत नाही. काका खाली बसतानाचा चेहरा समोर येतो. पण चेहऱ्यांकडे बघत बसलं तर कुठलंच काम होत नाही.

१२ मार्च

रावसाहेब गेले. काकांचा पुतण्या गाडी घेऊन आला. मी आतून पाहत होते. काका पंचा टाकलेली टोपली घेऊन बाहेर आले, एका बोटावर, आणि ती मागच्या आसनावर ठेवली. इतका लठ्ठ बोका आणि एका बोटावर. दुःखात माणसाला कुठलं बळ येतं कोण जाणे. पुतण्या काही तरी म्हणाला, दोघं हसल्यासारखे वाटले. ओठ थरथरले असणार.

मला रडू आलं. अपेक्षा नव्हती.

१७ मार्च

मला काकांची काळजी वाटते. त्यांनी दिवसासुद्धा पडदे ओढून घेतलेत. आणि ते एकटे बोलतात. कुंपणाजवळची कर्दळ छाटताना मी स्वतः ऐकलं. "सरक जरा. सगळी खुर्ची तुझीच का? मला पण बसू दे." मग बराच वेळ शांतता. मग, "आता हे बिस्कीट शेवटचं हं."

काकूंशी बोलत असतील. मी कात्री टाकून आत आले आणि नुसती उभी राहिले. एका मांजराच्या जाण्याने माणूस असा उसवतो? हे मी केलं?

दूधवालाही म्हणाला की काका हल्ली दूध जास्त घेतात. म्हणजे जेवण बंद असणार, दुधावरच राहत असणार.

नवऱ्याला म्हटलं, त्यांना रोज आपल्याकडे जेवायला बोलावू या.

"नको," तो म्हणाला. "ते ठीक आहेत."

"तुला काय माहीत?"

"परवा जाऊन आलो मी. दाढ दुखत होती."

"कुणाची?"

"त्यांचीच. आणखी कुणाची असणार?" असं म्हणून तो खोकला की हसला, कळलं नाही. माणसाच्या दुःखातही याला विनोद दिसतो.

१८ मार्च

आज कोतवाल पक्षी. काचेखाली. मान एका बाजूला वळलेली.

बोका नाही. वसाहतीतच नाही. मी दोनदा बाहेर जाऊन बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं, जणू एखाद्या वेळी तो मेलेला कोतवाल तिथे नसेल.

दुसरं मांजर असणार. रानटी. त्याला पकडायला हवं. उद्या बागेतच बसून राहते आणि बसल्या बसल्या त्याच्याविरुद्धचं भाषणही लिहिते.

२० मार्च

लिहायलाच हवं. नीट लिहिता येत नाहीये.

झुडपांआड खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर कागद. ऊन नुकतंच काचेवर आलं होतं. दोन चिमण्या एकमेकींच्या मागे परळापाशी भिरभिरत होत्या. मी काचेकडे पाहिलं. या घरात आल्यापासून ती मी आतूनच पाहत आले, नाही तर बाहेर येणाऱ्या लोकांना दाखवत आले. तिच्यासमोर गप्प बसून कधी बघितलंच नव्हतं.

त्यात दुसरी बाग होती. माझ्या बागेपेक्षा खोल. तीच तुती, तेच परळ, आणि मागे आभाळ, इथल्यापेक्षा निळं. मलासुद्धा वाटलं, तिकडे जावं.

पुढची चिमणी त्या बागेत शिरली.

धप्प.

आवाज तोच. घर बसतंय म्हणून मी लोकांना हसवलं होतं तोच.

मी धावले. ती अजून श्वास घेत होती. ओंजळीत घेतली. श्वास घेत राहिली. मग नाही घेतला. वर काचेवर पंख्यासारखा पांढुरका डाग होता. जवळ जाऊन पाहिलं तर पंखा नव्हताच. पंख होता. पिसन् पिस. छातीचा गोल. मध्ये बारीक ठिपका, डोळा जिथे टेकला तिथला.

हे डाग मी रोज पुसत होते. मऊ फडक्याने.

२१ मार्च

झोप नाही. सकाळी माझ्याच कपाटातलं ते पुस्तक काढलं, ज्यातली पानं मी भाषणांत वाचून दाखवते. बागेत पाखरं बोलवावीत कशी, याचं प्रकरण. त्याच्या पुढच्याच पानावर लिहिलं होतं की आरशासारखी काच आणि समोर झाडं असतील तर पाखरांना काच दिसत नाही, झाडंच दिसतात. काचेवर बाहेरच्या बाजूने खुणा करा, सुतळ्या सोडा, चार बोटांच्या अंतराने. ते पान मी कधी उलटलंच नव्हतं. आधीच्या पानावर टाळ्या मिळत होत्या.

घर स्वस्त हवं म्हणून जुनी काच आणली. उष्णता नको म्हणून आरशाची आणली. पाखरं हवीत म्हणून बरोब्बर तिच्यासमोर तुती लावली आणि पाणी ठेवलं. प्रत्येक गोष्ट चांगल्यासाठी केली. मी याहून नेमका सापळा ठरवून रचला असता तरी जमला नसता.

काकांकडे गेले. दार वाजवलं. आत धावपळ झाल्यासारखी वाटली, मग ते बाहेर आले आणि दार पाठीमागे ओढून घेतलं. आत बोलावलं नाही. बरोबरच आहे.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"रोज हिरवळीवर उभा असतो मी. समोरच दिसतं."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी दार पुन्हा नीट ओढलं. मग सभेचा वृत्तान्त वाचून दाखवावा तसं, आवाजात चढउतार न करता म्हणाले, "पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, हिरवळ म्हणजे नुसता पाणी पिणारा गालिचा. दुसऱ्यांदा, तुमचा बोका कुठे आहे आत्ता. तिसऱ्यांदा, हे तर अधिकच वाईट. चौथ्यांदा, काचेमागे लपू नका काका. तेव्हा सगळे हसले. तेही उतरवून घेतलं असतं, पण हशाला आमच्या लिपीत खूण नाही."

 मी एक पायरी उतरले आणि पुन्हा वळले.

"आणि दुसरं वाक्य?" मी विचारलं. "सभेत दोन म्हणालात."

"रावसाहेबाला सुळे नाहीत हे. पण ते तुमच्या मिस्टरांना ठाऊक होतं."

दुपारी नवऱ्याने आणि मी पन्हाळीला बांबू बांधला आणि सबंध काचेवर सुतळ्या सोडल्या. नवरा म्हणाला, दातांतून फिरवायचा दोरा दवाखान्यात भरपूर पडलाय, आणू का. मी हसले आणि हसता हसता हुंदका आला. त्याने माझ्या हातातलं सुतळीचं भेंडोळं काढून घेतलं आणि गाठी मारत राहिला.

घर आता तुरुंगासारखं दिसतं. दिसू दे.

२९ मार्च

बैठक बोलावून घेतली. नवरा निघताना म्हणाला, "भाषण नको. नुसतं सांग." तसंच केलं. मी म्हणाले, बोका निर्दोष आहे, पाखरं माझ्या काचेने मारली, ठराव मागे घ्या.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग टाळ्या.

मला कळेचना. अध्यक्ष उठले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "ताईंचं मन किती मोठं बघा. शेजाऱ्याचं दुःख पाहवेना, म्हणून दोष स्वतःवर घेतायत."

"अहो, मी खरं सांगतेय."

"ताई, नम्रता पुरे. तुमचं ते भाषण आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे. दोन्ही एकाच कुंपणात चालणार नाही. काय वाक्य आहे." मागच्या रांगेतून दोघींनी ते पुरं म्हणून दाखवलं, माझ्याच सुरात, माझ्यासारखी बोटं वर करून.

मी किती समजावलं. पण मी साधं बोलत होते आणि त्यांना सवय लागली होती माझ्या दुसऱ्या बोलण्याची. ठराव कायम राहिला. माझ्याविरुद्ध माझंच भाषण जिंकलं.

निघताना अध्यक्ष म्हणाले, "बरं, एक आनंदाची बातमी. आमची काच बसली काल. तुमच्यासारखीच, त्याच भंगारवाल्याकडची. आणखी दोन घरांत बसतायत. समोर तुतीपण लावली, तुमच्यासारखीच."

मी तोंडावर हात धरला. त्यांना वाटलं, मी भारावले.

३० मार्च

उजाडताच अध्यक्षांकडे. त्यांची बायको अंगणात काच पुसत होती. खांद्यावर फडकं, चेहरा खुललेला.

"ताई, या ना. बघा तरी कशी चमकते. फक्त हे डाग पडतात बाई कसले तरी. आणि मधूनच धप्प आवाज. पण तुम्ही सांगितलं होतंत ना, म्हणून मी घाबरले नाही. आमचंही घर बसतंय."

 मी माझं हे वाक्य कितीदा ऐकलं आहे, स्वतःच्याच तोंडून. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते असं लागेल असं वाटलं नव्हतं. त्या हसत होत्या. 

त्यांचा फडक्याचा हात मी धरला. "पुसू नका. त्यांना बोलवा."

अध्यक्ष दात घासत बाहेर आले. मी त्यांना काचेच्या कडेला उभं केलं, जिथून ऊन तिरपं पडत होतं, आणि एक शब्दही बोलले नाही. एवढंच मी आयुष्यात पहिल्यांदा नीट केलं. ते वाकले. नेहमीच्या सवयीने चष्मा वर-खाली करून अंतर जुळवलं. आधी काहीच दिसलं नाही त्यांना. मग दिसलं. पिसं, छाती, डोळ्याचा ठिपका. सगळं पाखरू, फक्त पाखरू नाही.

त्यांच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला. बायकोने तुतीच्या बुंध्याशी पडलेलं पाखरू पाहिलं आणि मटकन खाली बसली. "मी पुसलं ना ते," असं म्हणत राहिली. "कालपासून दोनदा पुसलं."

मी तिच्या शेजारी मातीत बसले. आम्ही दोघी तिथे बराच वेळ होतो. मी तिला काय सांगणार होते? माझ्याकडे पुसलेल्या डागांचा हिशेबच नाही.

दुपारपर्यंत तिथे सुतळ्या लागल्या. उरलेल्या दोन घरी अध्यक्ष स्वतः गेले. बोक्याचं विचारलं तेव्हा मात्र म्हणाले, "ते वेगळं प्रकरण, ताई. ठराव मोडायचा तर सगळे पुन्हा जमायला हवेत. आणि खरं सांगू? त्यांना पहिलं भाषणच आवडलंय."

३ एप्रिल

संध्याकाळी काकांच्या दारात गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी म्हणाले, "ठराव मला मोडता आला नाही. पण मी पुतण्याकडे येते तुमच्यासोबत. रावसाहेबांना भेटू तरी."

काकांनी रस्त्याकडे दोन्ही बाजूंना पाहिलं. "आत या," म्हणाले. "दार लावा. लवकर."

खोलीत एकच चांगली खुर्ची आहे. तिच्यावर रावसाहेब पसरले होते. पोट पूर्वीपेक्षा मोठं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले.

 "टोपली," एवढंच तोंडातून आलं.

"टोपलीत उशी होती."

"आणि एकटे बोलत होतात ते..."

"एकटा कधी बोललो?" काका म्हणाले. "हा ऐकतो. मध्ये बोलत नाही."

मी खाली बसले. तीन आठवडे या माणसासाठी मी रडत होते आणि तो बोक्याला बिस्किटं चारत होता. नवऱ्याचं बोलणं आठवलं, तर तोही यात सामील. दाढ म्हणे. राग यायला हवा होता. मी हसायला लागले आणि थांबवेना. रावसाहेब वैतागून उठले आणि माझ्या मांडीवर येऊन बसले. वजन बरंच आहे. एका बोटावर कधीच पेलले नसते.

"मी सांगते सगळ्यांना," मी डोळे पुसत म्हणाले. "पुन्हा बैठक घेते. या वेळी असं बोलते की..."

"नको," काका घाईने म्हणाले. "ताई, पाया पडतो. बोलू नका."

८ एप्रिल

सुतळ्या लागल्यापासून आमच्या काचेखाली काही पडलेलं नाही. रोज उठून आधी तिथेच जाते.  

संध्याकाळी सैल झालेल्या सुतळ्या नवरा ताणून बांधत होता, मी खाली धरत होते. काका पलीकडे हिरवळीला पाणी घालत होते. हिरवळीचं मी सध्या काही म्हणत नाही. अध्यक्ष फिरायला निघाले होते, फाटकाशी थांबले. त्यांच्या बायकोने अजून तुती उपटू दिलेली नाही, सुतळ्या मात्र ती दोन बोटांवर सोडते, असं सांगत होते. तेवढ्यात काकांच्या घरातून, बंद पडद्यांमागून, लांबलचक आवाज आला. जेवणाची वेळ झाली होती.

अध्यक्षांनी मान वळवली. "मांजर ओरडलं का?"

काकांच्या हातातली नळी त्यांच्याच चपलांवर वाहायला लागली. नवऱ्याने गाठीत तोंड घातलं. अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते, कारण वसाहतीत अशा प्रश्नाला उत्तर मीच देते.

"नाही," मी म्हणाले. "घर बसतंय."

त्यांनी चष्मा सावरून काकांच्या घराकडे पाहिलं. भिंतीवर वेल चढलेली, रंग उडालेला. "हे? हे तर तीस वर्षांचं असेल."

"काही घरं उशिरा बसतात."

ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, माझ्या डोळ्यांचा नंबर तपासावा तसे. पुढे आणखी काही येईल याची वाट पाहत असावेत. मी काहीच म्हणाले नाही. मग त्यांनी मान हलवली आणि चालू लागले.

ते वळणापलीकडे गेल्यावर काकांनी नळी बंद केली.

"ताई," ते म्हणाले, "तुमची सगळी भाषणं ऐकलीत मी. हे सगळ्यांत चांगलं झालं."